वाघर फुटबॉल क्लब आणि सहावं कलम

लिहून ठेवणार: विश्वंभर राधाकिसन देवकते, वय पंचवीस, धंदा इंग्रजीच्या शिकवण्या आणि टायपिंग, राहणार घनसावंगी, जिल्हा जालना.

आज दिनांक १० जून २००१, रविवार. सकाळचा चहा झालेला आहे, ताप न्हाई, डोकं जागेवर आहे आणि समोर कोणी काठी घेऊन उभं न्हाई. अशा हालतीत मी हे मृत्युपत्र माझ्या हातानं, माझ्या राजीखुशीनं लिहून राह्यलो. ह्याच्या आधी दुसरं केलेलं न्हाई. पंचविसाव्या वर्षी कोण करतं.

कारण असं की, येत्या अठरा तारखेला हैद्राबादला माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, शंभरातले पंच्याण्णव चालत घरी जातात. मी त्या पंच्याण्णवातलाच आहे असं धरून चाललोय. पण उरलेल्या पाचांत निघालो तर माझ्या मागं एका गोष्टीवरून ओढाताण होणार. ती गोष्ट म्हणजे वाघर फुटबॉल क्लब. जिल्ह्याच्या रजिस्टरात क्लब सेक्रेटरीच्या, म्हणजे माझ्या नावावर आहे, आणि माझ्यानंतर मी लिहून देईन त्याच्याकडं जातो. काही लिहिलं न्हाई तर वारसाकडं. एका बियाणे कंपनीला तो पाहिजे. आष्टीचा आणि राजूरचा क्लब त्यांनी आधीच घेतलाय. तिसरा आमचा. तो जाऊ नये म्हणून हा कागद.

वकीलसाहेबांनी नमुना दिला आणि म्हणाले, भाषा मी सुधारून देतो. मी म्हणलं, राहू द्या. माझी शाळा जालन्याला इंग्रजीत झाली, मराठी माझी बोलण्यातली आहे, तशीच लिहितो. कंपनीचं नाव घालू नका असंही ते म्हणाले. म्हणून नुसतं कंपनी लिहितो.

कलम १. राहतं घर वडील वारल्यावर आईच्या, म्हणजे कडूबाई राधाकिसन देवकते यांच्या नावावर झालेलं आहे. त्यात मी देण्यासारखं काही न्हाई. पुढच्या खोलीतली टायपिंगची दोन्ही मशीनं माझी आहेत, ती मोठी बहीण प्रभावती हिला. ती परतूरला शाळेवर मास्तरीण आहे, आणि ह्या कागदाप्रमाणं सगळं बराबर होतंय का हे पाहणं तिच्याकडं. मशीनं विकली तर विकत घेणाऱ्याला आधी सांगावं की डावीकडच्या मशीनची एक कळ अडकते, वरून ठोकावी लागते. सांगायचं राहून गेलं असं व्हायला नको. माझ्या हातून एकदा तसं झालंय, ते पुढं येईल.

पोस्टातल्या पासबुकात जे असेल ते आईचं. आईनं ते माझ्या दिवसांवर उडवू नये.

कलम २. सायकल क्लबची. तशीही ती कधी माझी नव्हती. तिच्या कॅरिअरवर चुन्याची पोती, पाण्याचे कॅन आणि एकदा पाय मुरगळलेला सेंटर हाफ गेलेला आहे. ब्रेक फक्त मागचा लागतो.

कलम ३. माझ्या खाटेखालची लोखंडी ट्रंक, आतल्या मासिकांसकट आणि पत्रांसकट, क्लबची. प्रभावतीनं ती आधी एकदा उघडून पाहावी.

बाराव्या वर्षी माझे सांधे सुजले, ताप आला, आणि तो उतरला तेव्हा हृदयात खोट ठेवून गेल्ता. डॉक्टरांनी पळणं बंद केलं. तवर मी लेफ्ट विंगला बरा होतो, असं वडील म्हणायचे. मामाकडं जालन्याला राहून शिकत होतो. शाळा सुटली की मित्र मैदानावर आणि मी स्टेशनावर. तिथल्या पुस्तकांच्या गाड्यावर इंग्रजी खेळाची मासिकं यायची, महिना-दोन महिने शिळी. गाडेवाला मला उभ्यानं वाचू द्यायचा, अट एवढीच की पान दुमडायचं न्हाई. नव्वदचा वर्ल्डकप आला तोपर्यंत मला कॅमेरूनच्या बेंचवर कोण बसलंय ते पण माहीत होतं. मामा म्हणायचा, "भाच्या, गणिताच्या पेपरात कॅमेरून विचारतेत का?"

त्याच एका मासिकात पत्रमैत्रीचं सदर होतं. त्यातून यारोस्लाव सापडला. प्रागमध्ये ट्राम चालवतो, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं, म्हणून आमचं जमलं. अठ्ठ्याण्णव साली त्यानं लिहिलं की त्याच्या क्लबात लंडनच्या एका कंपनीनं मोठा हिस्सा घेतलाय, त्याच कंपनीचा ग्रीसमधल्या एका क्लबात पण हिस्सा आहे, आणि दोघंही एकाच कपात आलेत. तो विचारत होता, दोघांची मॅच लागली तर मालक कोणत्या बाजूला बसणार.

मी बावीस वर्षांचा होतो. मला ते वाचून अंगावर काटा आला, पण आनंदाचा. एक मालक, तीन-चार देश, सगळीकडं आपली माणसं. मी उलट टपाली लिहिलं, तू नशीबवान आहेस. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं: तुझं मैदान कोणी घ्यायला येईल त्या दिवशी मला लिही.

ते पत्र ट्रंकेत सगळ्यात वर आहे. त्याला उत्तर द्यायचं राहिलंय. मी न्हाई आलो तर प्रभावतीनं द्यावं. काय लिहायचं ते शेवटी सांगतो.

कलम ४. वडिलांचा चामडी बॉल, पंप, शिट्टी आणि गोलच्या दोन्ही जाळ्या क्लबच्या. ह्या वस्तू कुठून आल्या ते पण लिहून ठेवतो, कारण पुढच्या पोरांना वाटेल दुकानातून आल्या.

माझे वडील राधाकिसन देवकते सिकंदराबादला रेल्वेच्या वर्कशॉपात होते. तिथं फुटबॉल शिकले. एक्क्याऐंशी साली नोकरी सोडून गावाकडं आले तेव्हा आईसाठी एक पातळ आणि हा बॉल आणला. आई सांगते, पातळ पिशवीत होतं आणि बॉल मांडीवर. गावात तेव्हा कबड्डी होती. फुटबॉल म्हणजे काय हे वडिलांनी बाजारच्या दिवशी वडाखाली उभं राहून सांगितलं. अकरा माणसं हाताला काम न देता पळणार, हे ऐकून लोक लय हसले. पण टीम झाली. निम्मे आमचे मेंढरंवाले, निम्मे शेतकऱ्यांचे.

गोलला जाळी नव्हती. वडिलांचे चुलतभाऊ बिरूतात्या, आमच्यात सगळ्यात मोठा कळप त्यांचा. रानात मेंढ्या बसवताना भोवती दोरीची जी जाळी लावतात तिला वाघर म्हणतात. तात्यांनी जुनी वाघर आणून गोलच्या मागं बांधली. वडील म्हणाले, "तात्या, भोकं मोठी हायेत." तात्या म्हणाले, "ह्यातून माझं कोकरू निघंना, तुझा बॉल कुठून निघतो?" तिथून क्लबचं नाव वाघर पडलं.

मैदान कारभारीदादांचं. त्यांचा माळ पडीकच होता. त्यांनी दिला, आणि बदल्यात तात्या दरसाल दोन रात्री मेंढ्या त्यांच्या वावरात खतासाठी फुकट बसवतात. ह्याचा कागद न्हाई. वीस वर्षं झाली, एक साल चुकलेलं न्हाई. मैदानाचं गवतही मेंढ्याच खातात. मॅचच्या आदल्या दिवशी कळप आडवा-उभा फिरवला की झालं. फक्त लेंड्यांमुळं स्लाइडिंग टॅकल आमच्याकडं जपून करतात.

दिवाळी झाली की निम्मी टीम मेंढ्या घेऊन रानोमाळ जाते, ती मृगाला परत येते. म्हणून क्लबची बैठक वर्षातून एकदा, मृगानंतरच्या पहिल्या रविवारी. सगळे असल्याशिवाय क्लबचा कोणताही ठराव होत न्हाई, हा वडिलांचा नियम. आज तोच रविवार आहे. दुपारी मैदानावर बैठक आहे आणि हा कागद तिथंच वाचायचा आहे.

आता आष्टी. त्र्याऐंशीपासून दरसाल संक्रांतीनंतरच्या रविवारी घनसावंगी विरुद्ध आष्टी. आष्टीचे गोलकीपर आणि सेक्रेटरी सर्जेराव बागल. चौऱ्याऐंशीच्या मॅचला हेडिंगला उडालेल्या माझ्या वडिलांवर ते असे आले की वडिलांच्या खांद्याचं हाड मोडलं. ते पुढं नीट बसलंच न्हाई, डावा हात वर जायचा न्हाई. त्यानंतर दरसाल सर्जेराव जीपमधून उतरले की पहिला सवाल, "राधाकिसन, खांदा कसा हाय?"

"तुझ्या गोलपोस्टापेक्षा सरळ हाय."

बारा-तेरा वर्षं हेच. मैदानाच्या कोपऱ्यात झुंबरमावशी चहाचं पातेलं घेऊन बसतात, त्या म्हणायच्या, "ह्या दोघांचं एकदा लगीन लावून टाका."

सत्त्याण्णवला वडील गेले. अंत्यविधीला आष्टीहून एक जीप आली. अकरा माणसं उतरली आणि एका लाइनीत उभी राह्यली, मॅचच्या आधी उभी राहतात तशी. पुढच्या संक्रांतीला मी सेक्रेटरी म्हणून हात मिळवायला पुढं झालो तर सर्जेराव म्हणाले, "बाप परवडला. हे पोरगं इंग्रजी फाडून राह्यलंय." मला तेव्हा राग आल्ता. आता आठवलं की बरं वाटतं.

कलम ५. बद्रीनाथ काळबांडे, माझा लहानपणापासूनचा दोस्त, ह्याला ह्या मृत्युपत्रानं काहीही मिळणार न्हाई. मुद्दाम लिहितोय. विसरलो असं कोणी समजू नये.

माझं पळणं बंद झालं तेव्हा बद्रीनाथ म्हणला, "तू लिही, मी पळतो." तेव्हापासून त्याचा एकेक गोल माझ्या वहीत आहे, कोणत्या पायानं मारला ते सुद्धा. एक्क्याण्णवला त्यानं आष्टीला तीन मारले आणि प्रत्येक गोल झाला की पळत माझ्याकडं येऊन वहीत बघायचा, लिहिलं का न्हाई. माझ्या वाटणीचा तो पळाला. हे मी नाकारत न्हाई.

नव्व्याण्णवला तो कंपनीत लागला. मोटारसायकल मिळाली. दोन हजार सालच्या दिवाळीनंतर तो इंग्रजीत टाइप केलेला कागद घेऊन आला. कंपनी तीन गावांचे क्लब घेणार, जर्सी, बूट, बॉल सगळं देणार, छातीवर कंपनीचं नाव. मला तर ट्रंक जिवंत झाल्यासारखं वाटलं. यारोस्लावच्या मालकासारखा मालक आपल्या जिल्ह्यात. बद्रीनाथला सांगायची पण गरज पडली न्हाई, मीच त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून राजूरला आणि आष्टीला गेलो.

आष्टीला सर्जेरावांनी कागद उलटापालटा करून पाहिला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, "इंग्रजी आमच्याकडं कोणालाच येत न्हाई. तू राधाकिसनचा पोरगा. तू वाच. तू बराबर म्हणला की मी सही करतो."

मी दोन पानं वाचून सांगितली. जर्सी, बूट, बक्षिसं. तिसऱ्या पानावर बारीक टाइप होतं. चहा आल्ता. बद्रीनाथ म्हणला, पुढं नेहमीचंच असतं. मी म्हणलं, बराबर आहे. सर्जेरावांनी सही केली.

माझ्या आयुष्यात मी एवढं इंग्रजी वाचलं. वाचायचं होतं त्या दिवशी एक पान वाचलं न्हाई.

आमच्या क्लबची सही मात्र झाली न्हाई. का, तर सहा खेळाडू मेंढ्या घेऊन गेल्ते आणि बैठक मृगाशिवाय होत न्हाई. मी किती चिडलो तेव्हा. बिरूतात्यांना निरोप पाठवला की जल्दी या, कंपनी थांबणार न्हाई. तात्यांचा उलट निरोप आला, मेंढ्या बी थांबत न्हाईत.

कंपनीनं सही गृहीत धरून जर्सी आधीच पाठवल्या. ह्या जानेवारीत, एकवीस तारखेला, आष्टीची जीप आली. आमची पोरं मैदानात उतरली. तात्यांचा कळप अंबडकडं होता, तिथून सहाजण आले, तात्याही आले. आणि मंग सगळे नुसते बघत राह्यले. दोन्ही टीमा हिरव्या. तोच हिरवा, छातीवर तेच कणीस, तेच नाव. कोण कोणाचं कळंना. कंपनीचे साहेब फोटोवाला घेऊन आल्ते. त्यांना सांगितलं तर ते हसले.

"असू द्या की. दोन्ही आपल्याच टीमा आहेत. कोणी जिंकलं काय अन् हारलं काय."

सर्जेरावांनी हळूच विचारलं, "साहेब, आपल्याच हायेत, बराबर हाय. मंग आम्ही आज हरवायचं कोणाला?"

साहेब म्हणाले, "खेळीमेळीनं घ्या."

झुंबरमावशी चहा गाळता गाळता म्हणाल्या, "खेळीमेळीनं खेळायला आष्टीहून डिझेल जाळून आले का हे?"

तेव्हा बिरूतात्या उठले. खांद्यावरच्या पिशवीत गेरूचा डबा होताच. दोन कळप रानात एका जागी आले की मेंढ्या मिसळतात, म्हणून ज्याची त्याची खूण पाठीवर असते. आमच्या घराण्याची खूण अर्धा गोल आणि खाली टिपका. तात्यांनी आमच्या अकराच्या अकरा पोरांना ओळीनं उभं केलं, पाणी घालून गेरू कालवला आणि नव्या कोऱ्या हिरव्या जर्सीच्या पाठीवर बोटानं खूण मारत गेले. एक पोरगा म्हणला, "तात्या, लोकर बी कातरणार का?"

साहेब ओरडले, "अहो, जर्सीचं वाटोळं करताय."

तात्या मान वर न करता म्हणाले, "मिसळल्यावर शोधीत बसण्यापेक्षा बरं."

मॅच आष्टीनं जिंकली, दोन-एक. संपल्यावर सर्जेराव माझ्याकडं आले. म्हणाले, "ती खूण नसती तर आज घरी जाऊन काय सांगितलं असतं, कोणाला हरवलं म्हणून? तुम्ही तरी तुमचे राह्यलात." त्यांचे डोळे पाहून मी वहीत मान घातली.

मार्चात राजूरचा क्लब बंद झाला. चांगली पोरं कंपनीच्या जालन्याच्या टीमला नेली, बाकीच्यांना सांगितलं, बघू. एप्रिलात आष्टीला कळवलं की आता संक्रांतीची मॅच न्हाई, घरातल्या घरात खर्चा कशाला.

मे महिन्यात माझ्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि बद्रीनाथ घरी आला. बूट न काढता उंबऱ्यात उभा राह्यला. म्हणला, साहेबांनी सांगितलंय, सेक्रेटरीनं आत्ता सही केली, बैठकीची वाट न बघता, तर ऑपरेशनचा सगळा खर्चा कंपनी करेल.

आईनं त्याला बसायला पाट दिला आणि मला म्हणाली, "सही कर अन् जिता परत ये. बॉल काय, बाजारात मिळतो."

"आई, आबांचा क्लब आहे."

"तुझा आबा खांदा मोडून घेऊन आल्ता अन् हसत व्हता. मला एकाच घरात दोन येडे नकोत."

मी बद्रीनाथला म्हणलं, "तुला माहीत होतं का, तिसऱ्या पानावर काय होतं?" तो खाली बघत म्हणला, "मी पण न्हाई वाचलं, इश्या. मला वाटलं तू वाचलंस." मी म्हणलं, पुन्हा ह्या उंबऱ्यावर येऊ नको. तो गेला. मोटारसायकलला दोनदा किक मारावी लागली.

बिरूतात्या दूर रानात होते. त्यांना कोणी सांगितलं माहीत न्हाई. पुढच्या बाजाराला त्यांनी कळपातले एडके विकले आणि हैद्राबादचा सगळा खर्चा त्यांनी पाहिला. किती विकले ते मला सांगत न्हाईत. विचारलं की म्हणतात, म्हातारे झाल्ते. मी पाहिलेत ते एडके. म्हातारे नव्हते.

तात्यांना मी काय देणार. वडिलांची शिट्टी कलम चारमधून वगळून तात्यांना देतो. मेंढ्यांना उपयोगी पडेल.

कलम ६. हे कलम बैठकीत हळू वाचावं, आणि साक्षीदारांनी सही करायच्या आधी पुन्हा वाचावं.

एप्रिलच्या शेवटी सर्जेराव एकटे एसटीनं घनसावंगीला आले. खिशातून तो कागद काढला, घडी पडून पडून मऊ झाल्ता. म्हणाले, "आता नीट वाच."

मी तिसरं पान उघडलं. सहावं कलम. क्लबचं नाव, क्लबचे खेळाडू आणि कोणाशी खेळायचं न्हाई खेळायचं ह्याचा निर्णय कंपनीचा राहील, आणि हे कायमचं राहील. मी ते आधी इंग्रजीत वाचलं, मंग मराठीत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. शिवी देतील असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, कागदाची घडी घातली आणि जाताना विचारलं, "तुझी तब्येत कशी हाय?"

म्हणून मी असं लिहून ठेवतो: माझ्या पश्चात वाघर फुटबॉल क्लबचं नाव, रजिस्टरातली नोंद, शिक्का, वह्या आणि क्लबच्या वतीनं सही करायचा हक्क सर्जेराव बागल, राहणार आष्टी, तालुका परतूर, यांना.

आमच्याच गावातले काही जण बैठकीत उठून उभे राहतील. म्हणतील, दुश्मनाच्या हातात क्लब दिला. त्यांनी बसून ऐकावं.

क्लबवर जीव असणाऱ्या माणसाकडूनच क्लब जातो. माझा जीव होता, मी हौसेपायी देऊन बसलो असतो. आईचा माझ्यावर जीव आहे, ती माझ्यासाठी देऊन टाकेल, आणि तिला दोष देणार न्हाई. बद्रीनाथचा पण होता. सर्जेरावांचा आमच्या क्लबवर काडीचा जीव न्हाई. त्यांना आम्ही फक्त हारलेले पाहिजेत. पण हरवायला आम्ही राह्यलो पाहिजेत, हे आज ह्या जिल्ह्यात त्यांच्याएवढं कोणालाच कळत न्हाई. त्यांच्याकडून हा क्लब कोणी घेऊ शकणार न्हाई.

अटी अशा. सर्जेरावांनी क्लब विकू नये, भाड्यानं देऊ नये, दुसऱ्या कशात मिसळू नये. बैठक मृगानंतरच, सगळी टीम आल्यावर. त्यांनी आष्टीचंच राहावं. आमच्या गोलवर टाळी वाजवली तर अट मोडली असं समजावं. आणि आष्टीचा क्लब कंपनीच्या कागदात अडकलेला असेल तोवर त्यांनी दर संक्रांतीनंतरच्या रविवारी आष्टीची अकरा माणसं जीपमध्ये घालून आणावीत. क्लब म्हणून न्हाई, गाव म्हणून. गावाची सही कंपनीकडं न्हाई.

जर्सी कोणत्याही रंगाची चालेल. पाठीवर तात्यांची खूण पाहिजे. तात्या त्यांच्या पोरांना ती मारायला शिकवतील.

मी सर्जेरावांना हे विचारलेलं न्हाई. विचारलं असतं तर न्हाई म्हणाले असते. आज बैठकीला या एवढाच निरोप दिलाय.

कलम ७. थोडं राहिलंय.

मला घरी आणलं तर मैदानावरून आणावं, पण त्या दिवशी प्रॅक्टिस असेल तर थांबवू नये, बाजूनं न्यावं.

यारोस्लावला प्रभावतीनं एवढंच लिहावं: घ्यायला आल्ते. दिलं न्हाई. तुझ्या मालकाला विचार, हरवायचं कोणाला.

मी चालत परत आलो तर हा कागद मी स्वतः फाडणार, आणि सहाव्या कलमाचं पान तेवढं ट्रंकेत ठेवणार.

साक्षीदारांबद्दल. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला कागदात काही मिळतंय त्याला साक्षीदार करू नका. मी यादी करायला बसलो तर तात्या गेले, प्रभावती गेली, सर्जेराव गेले. झुंबरमावशी राह्यल्या. त्या म्हणाल्या, "मला काही देऊ नको, फक्त माझ्या चुलीच्या बाजूनं कॉर्नर मारू नका." आणि दुसरा असा एकच माणूस उरला ज्याला मी काही दिलेलं न्हाई आणि ज्याच्याशिवाय माझ्या वहीत एक पान भरलं नसतं. त्याला परवाच झुंबरमावशींच्या हातून निरोप पाठवलाय. कंपनीच्या विरुद्ध कागदावर सही करायची म्हणजे काय ते त्याला कळतं. तो आला न्हाई तर मी समजून घेईन, आणि मावशींच्या शेजारची जागा कारभारीदादांनी भरावी.

येणेप्रमाणे मी जे लिहिलं ते वाचून पाहिलं, तिसऱ्या पानासकट, आणि मला समजलं.

ठिकाण: वाघर मैदान, घनसावंगी
दिनांक: १० जून २००१, दुपारचे चार

(सही) विश्वंभर राधाकिसन देवकते

आमच्या समोर लिहून देणाऱ्यानं सही केली:

१. झुंबरबाई, राहणार घनसावंगी. डाव्या हाताचा अंगठा. सहावं कलम दोनदा वाचून दाखवलं. सर्जेराव बागल बैठकीत हजर होते, ऐकून झाल्यावर त्यांनी बिरूतात्यांकडं जाऊन गेरूचा डबा उघडून पाहिला. हस्ते प्रभावती.

२. बद्रीनाथ काळबांडे, राहणार घनसावंगी. (सही) सहावं कलम आधी वाचलं, मंग बाकीची. काल जालन्याला जाऊन मोटारसायकल कंपनीत जमा केली. आज तिथून एसटीनं आलो, म्हणून उशीर झाला.